पिन बसली म्हणून

आमच्या घरात संध्याकाळी टीव्ही चालू असतो आणि आवाज नसतो. पहिल्यांदा येणाऱ्याला ते विचित्र वाटतं. पडद्यावर चार माणसं एकमेकांवर बोटं रोखून तावातावाने भांडत असतात, समोर खुर्चीत आप्पा, म्हणजे माझे वडील, कानांवर मोठा काळा हेडफोन चढवून बसलेले असतात, आणि मधेच एकटेच "आता कसं गप बसला" म्हणून हसतात. कोण गप्प बसलं ते मला कधी कळत नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पीत असते. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. शाळा मंद्रूपच्या अलीकडे, घर जुळे सोलापुरात. दिवसभर पोरांचा कलकलाट आणि जाता-येता विजापूर रस्त्यावरचे ट्रक, एवढं झाल्यावर माणसाला संध्याकाळी दुसरं काही नको असतं. फक्त कुणी बोलू नये, एवढंच हवं असतं.

आप्पांचे कान सूतगिरणीने खाल्ले. टेंभुर्णीकडून ते कामाला म्हणून सोलापुरात आले आणि उभं आयुष्य गिरणीच्या यंत्रांमध्ये काढलं. तिथे शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागायचं. निवृत्त झाले तेव्हा अर्धं ऐकू येत होतं. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, तोवर तेही सरलं होतं. कानातलं यंत्र घेऊन दिलं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी डबीत घालून ठेवलं. मग पुण्याच्या भावाने हा हेडफोन आणला. त्याचा एक बेस असतो, चपट्या डबीसारखा. तो टीव्हीला जोडायचा, आणि वापरून झाला की हेडफोन त्याच्यावरच ठेवायचा, म्हणजे चार्ज होतो. पहिल्या दिवशी आप्पांनी तो कानांवर लावला आणि बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. मग म्हणाले, "बातम्यावाली बाई लई गोड बोलती की."

घरात आम्ही दोघंच. माझं लग्न टिकलं नाही, आणि त्यावर आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. आप्पांनीही त्याबद्दल कधी विचारलं नाही. तो हेडफोन आल्यापासून आमचं बरं चाललं होतं. त्यांना त्यांचा आवाज, मला माझी शांतता.

एप्रिलमध्ये एकदा दुपारी वीज आली-गेली, आली-गेली करत होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण संध्याकाळी मी घरी आले तेव्हा जिन्यातच टीव्ही ऐकू आला. दार उघडलं तर आवाज अंगावरच आला. आप्पा हेडफोन हातात धरून बसले होते.

"दिवाच लागंना झालाय," ते म्हणाले.

बेसवरचा हिरवा दिवा विझला होता. मी अडॅप्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघितला, तिसऱ्यात लावून बघितला. काही नाही. अडॅप्टर हलवला की आत काहीतरी खुळखुळत होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे टीव्हीला आवाज आला. साधासुधा नाही, पूर्ण आवाज, आणि तोही आप्पांना पुरत नव्हता. ते पुढे वाकून, तळहात कानामागे धरून बसायचे. मी आतल्या खोलीत दार लावून पेपर तपासायचे, पण भिंतीतून सगळं ऐकू यायचं. मी कानात कापूस घालायला लागले. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक दिवस नाव न घेता संदेश आला, 'काही सदनिकांमधून टीव्हीचा मोठा आवाज येत आहे, कृपया सहकार्य करावे,' आणि पुढे हात जोडलेले. मी त्यावर अंगठा टाकला. दुसरं काय करणार होते?

समोरच्या दारातल्या मावशी मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरी चादरी विणायचा धंदा होता, त्यांचं बालपण मागाच्या खडखडाटात गेलेलं. घरात त्या तेलुगू बोलतात आणि आमच्याशी त्यांचं असं खास मराठी. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, आता मला टीव्ही लावायचं गरज नाही. आप्पा लावतेत, मी भाजी निवडत ऐकते." त्या हसल्या. मला हसायला आलं नाही, नुसती मान हलवून मी वर आले.

आप्पांकडे एक मिठाईचा मोठा डबा आहे. त्यात वायरी, चार्जर, बंद पडलेल्या वस्तूंचे अडॅप्टर असा सगळा गुंता भरलेला. वस्तू भंगारात गेली तरी तिचा अडॅप्टर ते काढून ठेवतात. गिरणीत सुटा भाग टाकून द्यायची पद्धत नव्हती म्हणे. ते तो डबा घेऊन जमिनीवर बसले आणि एकेक पिन बेसच्या मागच्या भोकात घालून बघायला लागले. जी बसेल ती लावून मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत दिसत होता.

मी हाताने थांबवलं आणि भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो संगणकाच्या कामात आहे, म्हणून अशा वेळी आम्ही त्यालाच विचारतो.

"ताई, आधी बेस उलटा कर. खाली काय लिहिलंय?"

अक्षरं मुंगीएवढी होती. मी दिव्याखाली धरून वाचलं. "डीसी, नऊ व्होल्ट, पाचशे एमए."

"मग व्होल्ट नऊच पाहिजे. आपल्या वायफायचा बारा व्होल्टचा आहे, त्याची पिन बसेल, पण तो लावू नकोस, आतलं जळेल. एमए, म्हणजे करंट, मात्र पाचशे किंवा त्याहून जास्त असलेला चालतो. कमी नको, अडॅप्टर तापतो. आणि पिनचं छोटं चित्र असतं बघ, गोल आणि मधे ठिपका. प्लस आत आहे की बाहेर, तेही जुळायला पाहिजे."

"बरं."

"आणि अजून एक…"

एवढ्यात आप्पांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. पडदा तोंडासमोर धरून त्यांनी ओरडून विचारलं, "कितीचा पायजे रे?"

भावाने दोन्ही हात वर केले. एका हाताची सगळी बोटं, दुसऱ्याची चार. आप्पांनी मान डोलावली आणि मोबाइल तसाच हातात ठेवला. पलीकडे भाऊ सरळ रेघ आणि नागमोडी रेघ असं काहीतरी सांगत होता. पण इकडे कुकरची शिट्टी झाली, मी उठून गेले, आणि आप्पांना तर त्याचं काही ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. मी परत आले तेव्हा कॉल बंद झालेला होता.

"रविवारी नव्या पेठेत जाऊन नवीन आणते," मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली. तो रविवार परीक्षेच्या कामात गेला. दुसऱ्या रविवारी माझं डोकं एवढं दुखत होतं की मी बाहेर पडलेच नाही. आप्पांनी आठवण केली नाही. आवाज तेवढा एक-दोन घरं कमी केलेला मला जाणवला.

त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळच्या सत्रात पोरं चित्र रंगवत बसली होती तेव्हा मावशींचा फोन आला. त्या मला शाळेच्या वेळेत कधीच फोन करत नाहीत.

"मॅडम, तुमच्या घरातून जळल्यासारखं वास येतंय. बेल मारलं, दार पण वाजवलं. आप्पा उघडेनात."

मी वर्गाबाहेर आले. आप्पांना बेल ऐकू येत नाही, दार वाजवलेलं ऐकू येत नाही, मोबाइलही ऐकू येत नाही. मी इथून त्यांच्यापर्यंत कशानेच पोचू शकत नव्हते. घराची दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स माझ्या खांद्याला.

"मावशी, खाली मीटर आहेत ना, तिथे आमच्या फ्लॅटचा नंबर लिहिलेला खटका आहे. तो खाली ओढा. आधी तेवढं करा."

"गुडघा दुखतंय, पण जाते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शेजारच्या वर्गाच्या बाईंना पोरांकडे बघायला सांगून मी गाडी काढली. मोबाइल डिक्कीत टाकला होता, त्यामुळे मावशींनी परत फोन केला असेल तर तो मला कळणार नव्हता. विजापूर रस्त्यावर गरम वारा तोंडावर येत होता. खरं सांगायचं तर मला रडू वगैरे काही आलं नाही. मला फक्त फार थकल्यासारखं वाटत होतं. आता काय वाढून ठेवलंय ते पोचल्यावर बघू, असंच मनात होतं. पुढच्या ट्रकच्या मागे बराच वेळ अडकले आणि त्याला ओलांडायचीही हिंमत झाली नाही.

इमारतीखाली गर्दी नव्हती, धूर नव्हता. जिना चढून वर आले तर दोन्ही दारं सताड उघडी. आप्पा मावशींच्या सोफ्यावर बसून ताक पीत होते.

मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. "लवकर आलीस व्हय? लाईट गेलीया बग."

मावशींनी मला झालेलं सांगितलं. त्यांनी खटका ओढला, गुडघा धरून परत वर आल्या, आणि दोन-चार मिनिटांत आप्पांनी आपणहून दार उघडलं. ते आतल्या खोलीत पंख्याखाली झोपले होते. पंखा थांबला, घाम आला, जाग आली, आणि वीज सगळ्यांची गेली की आपलीच, हे बघायला ते बाहेर आले. मावशींनी त्यांना हाताला धरून आपल्याकडे आणून बसवलं आणि स्वतः आत गेल्या. टीव्हीखाली एक्स्टेंशन बोर्डात एक जाड काळा अडॅप्टर लावलेला होता. त्यांनी तो फडक्यात धरून उपटला आणि बाल्कनीतल्या फरशीवर ठेवला.

मी आत गेले. घरभर जळक्या प्लास्टिकचा तो गोडसर, घशात बसणारा वास होता. आप्पा तपकीर ओढतात, त्यांच्या नाकाला आता वास असा येतच नाही. टीव्हीच्या फळीवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरलेला आहे. त्यावर अडॅप्टर टेकला होता तेवढा भाग तपकिरी पडला होता. बोट लावलं तर दोरा तुटून आला. शेजारीच पडदा लोंबत होता.

बाल्कनीतला अडॅप्टर अजून गरम होता, एका बाजूने फुगून वाकडा झालेला. मी तो ओळखला. पूर्वी आमच्याकडे फोनच्या वायरीवरून इंटरनेट यायचं, त्या डबीचा होता तो.

आप्पा ताकाचं भांडं हातात घेऊनच आले, ते कठड्यावर ठेवून माझ्यामागे उभे राहिले. आता त्यांना काय झालं ते कळलं होतं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, अडॅप्टर उचलून माझ्यापुढे धरला, आणि त्यावरचा आकडा बोटाने दाखवला.

"नऊच हाय," ते म्हणाले. "भिंगानं बगितलं मी. दोनदा बगितलं. पिनबी बसली. चार्ज हुईस्तवर जरा पडलो."

आकडा नऊच होता. त्याच्यापुढे एक लहानशी नागमोडी रेघ होती. भाऊ कसली रेघ म्हणत होता ते मला तेव्हा समजलं. हेडफोनच्या बेसला डीसी वीज लागते, तिची खूण सरळ रेघ. या जुन्या अडॅप्टरमधून एसी बाहेर यायची, तिची खूण नागमोडी. आकडा तोच, पिनही बसणारी, पण आतली वीजच वेगळ्या जातीची.

आप्पांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि माझ्यात ओरडायचं बळ नव्हतं. मी दिवाणावर बसले. ते समोरच्या खुर्चीत बसले. पंखा बंद होता, कारण मीटरचा खटका अजून कुणी वर केला नव्हता. भिंग सदऱ्याला पुसत तेच बोलले.

"तू दमून येतीस. मी आवाज लावतो, मग तू आत जाऊन कानात कापूस घालतीस. बगितलंय मी, केराच्या डब्यात बोळे असत्यात." मग म्हणाले, "रविवारी तुझं डोकं दुकत हुतं. म्हटलं आपणच बगावं."

मी उठून त्यांच्या कानाशी गेले. "आप्पा, टीव्ही बंद ठेवायचा नं थोडे दिवस."

"बंद ठेवून काय करू?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे. खरोखरच विचारत होते.

दिवसभर ते या खोलीत एकटे असतात. मी सकाळी जाते, उन्हं उतरल्यावर येते, आणि आल्यावर मला कुणी बोललेलं नको असतं. ते मी कधी त्यांना बोलून दाखवलं नव्हतं. पण ज्या माणसाने सगळा जन्म यंत्रांच्या आवाजात लोकांची तोंडं आणि हात वाचून काढला, त्याला ते सांगायची गरज पडली नसावी.

मी खाली जाऊन खटका वर केला. मावशींचं ताकाचं भांडं परत द्यायला गेले तेव्हा त्या गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या.

"बसा की मॅडम," त्या म्हणाल्या. मी बसले. त्यांनी मला पण ताक दिलं. आम्ही काहीच बोललो नाही, आणि ते मला फार बरं वाटलं.

त्या रविवारी मी आप्पांना मागे बसवून नव्या पेठेत गेले. त्यांनी मांडीवर पिशवी धरली होती, पिशवीत बेस, हेडफोन, मूळचा अडॅप्टर आणि तो वाकडा झालेला. दुकानदाराने बेस उघडला. आतला एक भाग फुगून वर आला होता. तो म्हणाला, दुरुस्त होईल, पण ठेवून जावा लागेल. नवीन अडॅप्टर त्याने बेसखालची अक्षरं वाचूनच काढला, नऊ व्होल्ट, सरळ रेघ, प्लस आत, आणि आमच्यासमोर मीटर लावून दाखवला.

"लावल्यावर थोडा वेळ हात ठेवून बघा," तो म्हणाला. "कोमट लागला तर चालतंय. हात ठेववेना झाला तर लगेच काढायचा. आणि घरात कुणी जागं असल्याशिवाय परका अडॅप्टर लावून ठेवू नका."

मी ते आप्पांच्या कानाशी जाऊन पूर्ण सांगितलं, एकही शब्द न गाळता. दुकानातले लोक वळून बघत होते. बघू देत म्हटलं.

बेस दुरुस्त होऊन येईपर्यंत आप्पा आवाज बंद करून टीव्ही बघायचे. कुस्त्या बघायचे, कारण कुस्तीला आवाज लागत नाही असं त्यांचं म्हणणं. मी आत दार लावून बसायचे आणि त्या शांततेत माझं पेपरात लक्ष लागत नव्हतं. एक-दोनदा बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसले. कुस्तीतलं मला काही कळत नाही. ते हाताने दाखवायचे, हा आता याला खाली घेणार, आणि तसंच व्हायचं. तेवढ्या वेळात पेपर मागे पडायचे ते पडायचेच. ते नंतर शाळेत डबा खाताना पुरे करायचे.

मग बेस आला. पूर्वीसारखा नाही, कुठून तरी बारीक गुणगुण येते असं आप्पा सांगतात, पण बोललेलं कळतं. नवीन अडॅप्टर लावला त्या संध्याकाळी दोघांनीही आळीपाळीने त्यावर हात ठेवून बघितलं. कोमट होता. तो आता रुमालावर नाही, भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावतो, आणि निजायच्या आधी आप्पा बटण बंद करतात.

सुट्टी लागल्यावर एका दुपारी आम्ही तो मिठाईचा डबा काढला. शाळेतली पांढरी चिकटपट्टी मी आणली होती. कुठला अडॅप्टर कशाचा ते वाचून त्यावर पट्टी लावायची ठरलं. वायफायचा, माझ्या लॅपटॉपचा, मावशी आमच्याकडे विसरून गेलेल्या मसाज यंत्राचा. ज्यांची वस्तूच उरली नाही ते वेगळे काढायचे होते. आप्पा भिंगातून वाचून दाखवत होते, मी लिहीत होते. कूलरचा वारा येत होता, आणि मी कधी आडवी झाले ते मला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि ऊन बाल्कनीतून निघून गेलं होतं. आप्पांनी उरलेलं काम एकट्याने उरकलं होतं. पट्ट्यांवरचं अक्षर त्यांचं होतं, थरथरतं, पण वाचता येईल असं. नागमोडी रेघेचे सगळे त्यांनी एका पिशवीत घालून पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं होतं.

"ही भंगारात," ते म्हणाले. "च्या टाकू का?"

मी हो म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नसणार, पण ते उठले.